फाल्गुनातला खरारा

मार्गशीर्षी पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या सुमारास, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडे येथे तापीच्या काठी मोठी यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजारही उभा राहतो. उंच, उमद्या घोड्यांभोवती बघ्यांची गर्दी जमावी हे साहजिकच आहे. परंतु मुलांना पाठीवर फिरवावयास किंवा वरातीत मिरवावयास बेताच्या उंचीचे, गरीब स्वभावाचे तट्टू शोधणाराही कोणी त्या गर्दीत असतोच. समजा, अशाच एका खानदेशी गृहस्थाने तेथे एक तट्टू घेतले आणि नवापूर, व्यारा, बारडोली या वाटेने ते चलथाणला आणून बांधले. चलथाण हे सुरतेजवळचे, उधना आणि बारडोली यांच्या दरम्यान तापी खोऱ्याच्या रेल्वेवर वसलेले, उसाच्या शेतीचे आणि साखर कारखान्याचे गाव. पोटापाण्यासाठी सुरतेच्या बाजूस आलेली खानदेशी मंडळी थोडीथोडकी नाहीत. तेव्हा ही कल्पना फारशी ओढून-ताणून आणलेली नव्हे.

बाजारात घेतले तेव्हा ते तट्टू अंगाने कसे गुबगुबीत दिसत होते! मानेवर, पोटावर, गालफडांवर केस असे दाट की जणू घोंगडीच पांघरली आहे. माघ संपत आला आणि एके सकाळी मालकाने पाठीवर थाप मारली, तो मूठभर केस हाताला चिकटून आले. चार दिवसांत ठाणाखाली केसांचा सडा पडू लागला. अंगावर कुठे भुरा, कुठे तांबूस असे ठिगळ-ठिगळ दिसू लागले. अशा वेळी दोन तऱ्हेचे मालक आढळतात. एक घाबरतो आणि जनावराला कातडीचा रोग जडला असे समजून त्यास तेल, गंधक, डांबर असे जे सुचेल ते फासत सुटतो. दुसरा उतावळा असतो. लग्नसराई तोंडावर आलेली असते, विटक्या जनावरावर कोण नवरदेव बसणार, म्हणून तो कातरी घेऊन त्याचे अंग भादरून टाकतो. दोघांनाही जे करावयास हवे ते त्या मानाने फार साधे असते. मात्र त्यास रोज अर्धा तास आणि दोन हात लागतात.

केस झडतात ते उन्हाळा लागला म्हणून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नव्हे. हवेतील उष्म्याचा परिणाम होतो, पण तो दुय्यम. घोड्याची कातडी हिशेब ठेवते तो उजेडाचा. रात्रीच्या अंधारात मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचे द्रव्य स्रवते. रात्र जितकी मोठी, तितका काळ हा स्राव चालतो. डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस उलटला की रात्री आखडू लागतात, हा स्राव कमी वेळ होतो, मेंदूच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन वाढू लागते, आणि जुन्या केसांची मुळे सैल होऊ लागतात. म्हणजे आपण ज्या वेळी शेकोटीभोवती बसून थंडी वाढल्याची तक्रार करीत असतो, त्या वेळी घोड्याच्या अंगात उन्हाळ्याची तयारी सुरू झालेली असते. घोड्यांची पैदास करणारे लोक हिवाळ्यात घोड्या लवकर माजावर याव्यात म्हणून तबेल्यात दिवे लावून त्यांस रोज सुमारे 16 तास उजेड देतात. त्या घोड्यांचे केसही मग ऋतूच्या आधीच झडू लागतात. उजेडाचे हे राज्य किती बळकट आहे, याचा याहून सरळ पुरावा कोणता हवा?

सुरतेच्या अक्षांशावर हिवाळ्यातील लहानात लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि उन्हाळ्यातील मोठ्यात मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आतबाहेरचा असतो. हा फरक काही फार नव्हे. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक घोड्यांचे केस झडतात तेही बेताने, पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही न येता. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांत मात्र हिवाळ्याचा दिवस 6 तासांहूनही लहान आणि उन्हाळ्याचा जवळजवळ 19 तासांचा. तेथील तट्टांच्या अंगावर आत मऊ लोकर आणि वर राठ, लांब केस असे दुहेरी पांघरूण असते. अंग लहान असले की त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचा पृष्ठभाग अधिक, त्यामुळे ऊब लवकर निघून जाते. म्हणून लहान जनावरास पांघरूणही जाड लागते. आज ज्यांस बुटके घोडे म्हणून श्रीमंतांच्या बागांतून हौसेने पाळतात, त्यांच्या रक्तात या शेटलंड तट्टांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील त्यांच्या संघटनेने उंचीची कमाल मर्यादा 34 इंच ठरविली आहे, आणि ती मोजतात आयाळीचा शेवटचा केस जेथे संपतो तेथपर्यंत. या हौशी प्राण्याचे पूर्वज मात्र फार कष्टात राबले. 1842 साली इंग्लंडात कायद्याने स्त्रियांस आणि दहा वर्षांखालील मुलग्यांस कोळशाच्या खाणीत उतरण्याची बंदी झाली, आणि पुढे मुलांच्या जागी बुटक्या तट्टांस भुयारात जुंपण्यात आले.

आपल्या देशी तट्टांची गोष्ट वेगळी. मणिपुरी, भूतिया, झांस्कारी, स्पिती ही डोंगराळ मुलखातील तट्टे, आणि भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी. या भीमथडी तट्टास स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदवहीत जागा मिळाली ती अगदी अलीकडे; मराठ्यांच्या दौडींत नाव मिळविल्यानंतर कैक पिढ्या ते धनगरांची बिऱ्हाडे पाठीवर वाहत मुकाट्याने हिंडत होते. शिवकालीन पागेची व्यवस्था सांगताना सभासदाने पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असल्याचे नमूद केले आहे. 1673 साली चिपळूणकडील लष्करास शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या पत्रात दाणा-वैरणीच्या काटकसरीविषयी जी बारीक ताकीद आहे, ती वाचली म्हणजे घोडे राखणे हे लढण्याइतकेच जोखमीचे काम मानले जात होते, हे कळते. मोतद्दार, खरारा, तोबरा, अगाडी-पिछाडी हे शब्द त्याच पागेतून आपल्या भाषेत राहिले. पागा गेल्या, शब्द कोशात उरले. 2012 साली देशात सव्वासहा लाखांच्या घरात असलेली घोड्या-तट्टांची संख्या 2019 च्या पशुगणनेत साडेतीन लाखांच्याही खाली आली. जी जनावरे उरली आहेत त्यांचे मालक पुष्कळदा पहिल्याच पिढीचे असतात. बापाने कधी घोडे राखलेले नसते, त्यामुळे हात धरून शिकविणारा कोणी नसतो.

म्हणून खरारा कसा करावा हे सविस्तर सांगणे अस्थानी होणार नाही. तट्टू सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी नव्हे तर वारा आपल्या पाठीकडून येईल असे उभे करावे, म्हणजे उडालेले केस तोंडावर येत नाहीत; नाकावर फडके बांधले तर अधिकच बरे. प्रथम नुसता तळहात मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत फिरवावा. मग खरारा घ्यावा. केस झडण्याच्या दिवसांत लोखंडी दात्यांपेक्षा रबरी दात्यांचा खरारा उत्तम. तो मानेवर, खांद्यावर, बरगड्यांवर आणि पुठ्ठ्यांवर गोल गोल फिरवावयाचा; दाब इतकाच की जनावराने मान लांब करून ओठ हलवावेत, अंग चोरू नये. जेथे कातडीखाली लगेच हाड लागते तेथे, म्हणजे तोंडावर, कण्यावर आणि नडगीवर, खरारा मुळीच चालवू नये. तेथे मऊ ब्रश किंवा गवताची घट्ट वळलेली जुडी पुरे. गोल हाताने सैल झालेले केस मग केसांच्या वळणानेच ब्रशने काढावे, आणि शेवटी ओलसर फडक्याने अंग पुसून घ्यावे. डोळे आणि नाकपुड्या निराळ्या, स्वच्छ फडक्याने. आयाळीला आणि शेपटीला मात्र सबुरीने हात लावावा. अंगावरचे केस ऋतूप्रमाणे झडतात आणि नवे येतात; आयाळ-शेपटीचे केस तसे झडत नाहीत, ते वर्षानुवर्षे वाढत असतात. फणीने ओरबाडून तोडलेली शेपटी भरून यावयास फार काळ लागतो. बोटांनी गुंता सोडवावा, मग फणी.

या दिवसांत रोज आंघोळ घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. केस ओले झाले की एकमेकांस चिकटतात आणि निघण्याऐवजी अंगाशी बसतात. शिवाय दाट केसांखाली ओल राहिली तर कातडी खपल्या धरते. सर्व केस निघेपर्यंत कोरडा खरारा आणि मग, कडक उन्हाच्या दिवशी सकाळी, एक स्वच्छ आंघोळ, हा क्रम सोयीचा.

खरारा करणाराचा खरा फायदा केस काढण्यात नाही, हात फिरविण्यात आहे. हिवाळी केस मोठे फसवे असतात. बाजारात गुबगुबीत दिसलेल्या तट्टाच्या केसांखाली बरगड्या मोजून घ्याव्यात इतके ते रोड असू शकते, आणि तितक्याच केसांखाली दुसऱ्याची मान चरबीने ताठ झालेली असू शकते. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात. तळहातास दिसत नाहीत. बरगडी हलक्या दाबाने लागावी, पण नजरेला दिसू नये, हे सामान्य प्रमाण. लहान तट्टांच्या बाबतीत चलथाणसारख्या ऊसपट्ट्यात एक निराळीच जोखीम असते. हंगामात उसाची कांडी, गूळ, वाढे सहज हाताशी येतात आणि लाडाने ती तट्टापुढे टाकली जातात. ही जात मुळात हलक्या, कोरड्या चाऱ्यावर जगणारी. साखरेचा मारा झाला की ती बेताल लठ्ठ होते आणि तिच्या खुरांच्या आतील नाजूक पडदे सुजून जनावर कायमचे लंगडे होण्याची भीती असते. नवे केस जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचेच बनतात. तेव्हा या महिन्या-दोन महिन्यांत गुळापेक्षा चांगले गवत, मूठभर भिजविलेले हरभरे, थोडा लसूणघास आणि शिजविलेले जवस यांचा उपयोग अधिक.

हातास आणखीही पुष्कळ सापडते. केस गेलेल्या जागी खाली आखूड, चकचकीत नवे केस असतील तर काळजीचे कारण नाही. उघडी, खरबरीत, गोल चकती दिसली तर तो गजकर्ण समजावा. तो माणसासही होतो, आणि एकाच खराऱ्याने चार जनावरांचे अंग घासले तर चौघांनाही होतो. दाट केसांच्या बुडाशी उवा असतील तर जनावर खांबाला अंग घासते. कानाच्या आत आणि शेपटीच्या मुळाशी गोचीड बसतात. नाकातून चिकट शेंबूड वाहत असेल आणि अंगावर गाठी येऊन फुटत असतील, तर खरारा तेथेच थांबवून सरकारी पशुवैद्यास वर्दी द्यावी. ग्लँडर्स हा रोग माणसाच्या जिवावर बेततो आणि 2009 च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी देणे बंधनकारकच आहे.

कधी कधी जुने केस गळून नवे येतात ते पांढरे. तांबड्या तट्टाच्या पाठीवर, खोगिराच्या जागी, रुपयाएवढे दोन पांढरे ठिपके उमटतात. मालक त्यास शुभलक्षण समजतो! वास्तविक मागच्या लग्नसराईत खोगीर चुकीचे बसले होते, तंग करकचून आवळला होता, आणि त्या दाबाने केसांस रंग पुरविणाऱ्या पेशी मेल्या, याची ती नोंद असते. तेव्हा केसांखाली झाकलेले दुखणे आता केसांवरच लिहून आले, इतकेच. ते वाचता आले तर निदान या हंगामापूर्वी खोगिराची गादी बदलता येते.

सर्वांचे केस झडले आणि एका म्हाताऱ्या तट्टाचे मात्र झडलेच नाहीत, उलट लांब आणि कुरळे होत चालले, तर काय समजावयाचे? पुष्कळदा घरात कौतुकच होते, की म्हातारा अजून थंडीला कसा जपतो! परंतु वयस्क घोड्यांत, आणि विशेषेकरून तट्टांत, मेंदूच्या तळाच्या त्याच ग्रंथीचा एक विकार होतो. तिच्यावरचा लगाम सुटतो, आणि उजेडाचा निरोप कातडीपर्यंत नीट पोहोचत नाही. असे जनावर पाणी अधिक पिते, पाठीवरचे मांस उतरते, खुरांचे दुखणे त्यास लवकर गाठते. चैत्रातही घोंगडी पांघरून उभ्या असलेल्या अशा तट्टास सुरतेच्या दमट उकाड्यात अपार त्रास होतो. पशुवैद्याकडे यावर औषध आहे. ते रोग मुळापासून घालवीत नाही, पण जनावराचे दिवस सुसह्य करते. केस भादरावयाचेच असतील तर ते याचे भादरावेत. भादरण्याचे यंत्र अशाच म्हाताऱ्यासाठी योग्य आहे.

धडधाकट तट्टाचे अंग लग्नाच्या घाईने घरच्या कातरीने भादरणे मात्र टाळावे. कातरीची टोके लागून झालेली बारीक जखमही घोड्यास महागात पडते, कारण धनुर्वातास घोड्याइतके सहज बळी पडणारे पाळीव जनावर दुसरे नाही; त्याची लस टोचून घेतलेली असणे हेच शहाणपणाचे. वरातीची सुपारी घेतलेल्या मालकाने होळीपूर्वी तीन आठवडे खरारा हाती धरला, तर वैशाखापर्यंत तट्टाच्या अंगावर जी चकाकी येते ती कोणत्याही तेलाने येत नाही. घाई झालीच असेल, तर झूल थोडी मोठी घालावी आणि जनावरास त्याच्या चालीने केस टाकू द्यावे.

केस झडण्यास प्रारंभ होतो तो बहुधा मान-खांद्यांपासून. पोटाखालचे आणि पायांवरचे केस सर्वांत शेवटी, चैत्र अर्धा सरल्यावर जातात. मग खरारा आणि ब्रश गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवावेत आणि प्रत्येक जनावराचे साहित्य निराळ्या खुंटीस टांगावे. पुढे रोजचे खरकरणे चालूच असते, परंतु ते दहा मिनिटांचे. ज्येष्ठ-आषाढाच्या संधीस, जून संपता संपता, दिवस पुन्हा लहान होऊ लागतो. चलथाणच्या उसाच्या शेतांवर तेव्हा पहिले पाऊस कोसळत असतात, तट्टू आडोशाला उभे राहून माशा वारीत असते, आणि त्याच्या कातडीखाली पुढच्या हिवाळ्याच्या घोंगडीची तयारी सुरू झालेली असते.