संगणकाचा ताप आणि त्यावरचा लेप

आज तुमच्याशी एका अगदी लहानशा वस्तूविषयी बोलायचे आहे. ती तुरीच्या दाण्याएवढी लागते, कुणाच्या नजरेला पडत नाही. पण ती वाळली की शाळेतला चांगला चालता कॉम्प्युटर 'बिघडलेला' ठरतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो. तिचे नाव थर्मल पेस्ट. आपण तिला सोयीसाठी लेप म्हणू.

महाड-पोलादपूरकडच्या पुष्कळ वाड्यांतली माणसे मुंबईला नोकरीला. गणपतीला गावी येताना एखादा चाकरमानी आठ-दहा वर्षे वापरलेला कॉम्प्युटर शाळेला आणून देतो. मुले हरखतात. पण यंत्र पंधरा मिनिटे बरे चालते, मग पंखा घोंघावू लागतो, काम मंदावते आणि एकदम सगळे बंद! अर्ध्या तासाने लावावे तर पुन्हा सुरू. गुरुजी म्हणतात, "याचा काळ झाला." श्रोतेहो, त्याचा काळ झालेला नसतो, बहुधा त्याला नुसता ताप आलेला असतो.

हा ताप येतो कुठून? कॉम्प्युटरचे सारे गणित ज्या चकतीत चालते तिला प्रोसेसर म्हणतात. टेबलावरच्या साध्या यंत्रातला प्रोसेसर भर कामात ६५ वॅटच्या आसपास वीज खातो, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा आठवा. पेटता असताना त्याला हात लावता येत नसे. तेवढी उष्णता काड्यापेटीहून लहान जागेत! ती काढून घ्यायला प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा बसवतात, त्याला हीटसिंक म्हणतात. त्याच्यावर पंखा असतो. उष्णता हटली नाही, तर बहुतेक प्रोसेसर ९० ते १०० अंश सेल्सियसच्या सुमारास आपणहून वेग कमी करतात, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. हा जीव वाचवण्याचा त्यांचा उपाय आहे.

आता तुम्ही म्हणाल, धातूवर धातू ठेवला, मग मध्ये लेप कशाला? घरातल्या बाईला विचारा. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही तिथे ती कच्ची राहते. प्रोसेसरचे झाकण आणि हीटसिंकचा तळ डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसतात. पण भिंगाखाली पाहिले तर दोन्हींवर चर आणि उंचवटे आहेत. मधल्या फटींत हवा अडकते. उष्णता वाहून नेण्याचा तांब्याचा आकडा सुमारे ४०० आहे, तर हवेचा ०.०२५! म्हणजे तांब्याच्या सोळा हजाराव्या भागाइतका. ती हवा हाकलण्यासाठी लेप.

आपल्याकडचा गडगा पाहा. दगडावर दगड नीट बसला तिथे माती लागत नाही. माती फक्त फटीपुरती. माती दगडापेक्षा मजबूत नसते, पण पोकळीपेक्षा बरी. लेपाचेही तसेच. तो तांब्याहून पुष्कळ कमी गुणाचा, हवेहून पुष्कळ जास्त. म्हणून तो जाड थापला की फायदा संपतो आणि अडथळा सुरू होतो.

बाजारात लेपाच्या नाना नळ्या आहेत. शंभर-दोनशे रुपयांतही मिळते, हजाराच्या घरातही जाते. त्यांत मुख्य प्रकार तीन समजा. पहिला पांढरा किंवा करडा: सिलिकॉन तेलात जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची बारीक पूड. जुन्या रेडिओ-अॅम्प्लिफायरची दुरुस्ती करणाऱ्यांना हा पांढरा लेप चांगला ठाऊक आहे. यातून वीज वाहत नाही. दुसरा चांदीसारख्या धातूची पूड घातलेला. हा कडेने उतू जाऊन आजूबाजूच्या पट्टीवर सांडला तर विजेचा घोटाळा होण्याची भीती असते. तिसरा प्रकार द्रवधातूचा, म्हणजे गॅलियमच्या मिश्रधातूचा. याचे गुण पहिल्या दोघांच्या कितीतरी पट; पण तो वीज वाहू देतो आणि अॅल्युमिनियमला लागला की ते पोखरून ठिसूळ करतो. नुसता गॅलियमसुद्धा ३० अंशांच्या आत वितळतो. आपल्याकडे चैत्रात टेबलावर ठेवला तर पाणी होऊन वाहील! आणि जुन्या यंत्रांचे ठोकळे बहुतेक अॅल्युमिनियमचेच असतात. तेव्हा शाळेच्या यंत्राला हा तिसरा प्रकार अजिबात नको.

मग पहिल्यातला महागडा घ्यावा की साधा? गुरुजी, बाई, कागद-पेन्सिल घ्या. मुलांना फळ्यावर हा हिशेब घालता येईल. नळीवर 'वॅट प्रति मीटर-केल्विन' असा एक आकडा छापलेला असतो. प्रोसेसर ६५ वॅटचा, झाकण १० चौरस सेंटिमीटरचे, लेपाची जाडी ०.०५ मिलिमीटर, आणि उष्णता सगळीकडे सारखी पसरली असे धरा. आकडा ४ असेल तर लेपापायी तापमान चढते सुमारे ०.८ अंश. आकडा ८ असेल तर ०.४ अंश. दाम दुप्पट मोजून वाचले काय? अर्ध्या अंशाहून कमी! आता तोच आठ आकड्यांचा भारी लेप चौपट जाड थापा: १.६ अंश. म्हणजे महाग लेप जाड लावणारा, साधा लेप पातळ लावणाऱ्याच्या मागे पडला. प्रत्यक्षात उष्णता मधोमध दाटते, त्यामुळे आकडे याहून मोठे येतात. पण हिशेबाची दिशा तीच राहते. शिवाय निरनिराळे कारखानदार हा आकडा निरनिराळ्या रीतींनी मोजतात, म्हणून दोन नळ्यांचे आकडे शेजारी ठेवून फार काथ्याकूट करू नये.

तेव्हा निवड सोपी आहे. वीज न वाहणारा, लवकर न वाळणारा, माहितीतल्या कंपनीचा मध्यम किमतीचा लेप, आणि नळी सीलबंद. चार ग्रॅमच्या नळीत दहा-बारा यंत्रे सहज होतात. दोन-तीन शाळांनी मिळून एक घेतली तरी चालेल. टूथपेस्ट किंवा व्हॅसलीन लावण्याचा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. टूथपेस्टमधले पाणी उडाले की खाली कोरडी भुकटी उरते. व्हॅसलीन तापले की वितळून ओघळते.

मात्र नळी उघडण्याआधी तीन गोष्टी पाहा. एक, पात्यांत धूळ दाटली आहे का? मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेच्या शाळांना हे वेगळे सांगायला नको. दोन, पंखा मोकळा फिरतो का? तीन, ठोकळ्याचे चारही पाय घट्ट आहेत का? खडबडीत रस्त्याने टेम्पोतून आलेल्या यंत्राचा एखादा पाय निसटलेला असू शकतो. पुष्कळदा एवढ्यावरच ताप उतरतो.

नाही उतरला, तर लेप बदला. यंत्र आधी पाच मिनिटे चालवून कोमट करा, म्हणजे जुना लेप सैल होतो. मग बंद करून वायर भिंतीतून काढा. ठोकळा सरळ उपटू नका. हलकेच डावी-उजवीकडे पिळून सोडवा, नाहीतर काही जातींत प्रोसेसरही त्याच्याबरोबर उखडून येतो आणि खालच्या टाचण्या वाकतात. जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ फडक्याने दोन्हीकडून पुसा. रॉकेल नको, पाणी नको. मधोमध तुरीच्या दाण्याएवढा लेप ठेवा. बोटाने पसरू नका. ठोकळा दाबला की तो आपोआप पसरतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. लॅपटॉप असेल तर मात्र जाणत्या कारागिराकडेच द्या. त्यात प्रोसेसरवर झाकण नसते आणि कोपरा टवकण्याची भीती असते.

आणखी एक सांगतो. खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच जास्त तापतो. लेपांच्या परीक्षा होतात त्या थंड खोल्यांत. आपली शाळा सावित्रीच्या खोऱ्यात, वैशाखात पत्र्याखाली. तेव्हा यंत्र भिंतीला चिकटवून, वर कापड टाकून चालवू नका. ते सावलीच्या भिंतीकडे, वीतभर पुढे ओढून ठेवा. जो लाभ हजाराची नळी देणार नाही, तो ही वीतभर जागा देईल.

जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर महाडकर विसरलेले नाहीत. पुरात बुडालेल्या यंत्राची गोष्ट निराळी. त्याला लेप हे औषध नव्हे. ते चालू न करता कारागिराला दाखवावे. आणि आषाढ लागण्यापूर्वी यंत्रे माळ्यावर न्यावीत, हे उत्तम.

श्रोतेहो, घाटाखालच्या वाडीतल्या शाळेला दुसरा कॉम्प्युटर लवकर मिळत नाही. आहे तो कोपऱ्यात गेला, तर त्या वर्षीची मुले त्याला हात न लावताच पुढच्या वर्गात जातात. म्हणून 'मोडीत' असा शेरा मारण्याआधी एकदा झाकण उघडा, धूळ झाडा, वाळलेला लेप पुसा, नवा दाणाभर ठेवा. तासाभराचे काम आहे. सातवीतल्या दोन मुलामुलींना शेजारी उभे करून ते करा. पुढच्या वेळी तीच तुम्हाला आठवण करतील.