नवानगरचे बापू : एका सैनिकाचे पितृत्व



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी प्रसंगी दानशूरांचे स्मरण होते, हे उचितच आहे. आज अशा एका पुरुषाचे पुण्यस्मरण करावयाचे आहे, ज्याने दानाच्याही एक पायरी पुढे जाऊन परक्या लेकरांचे पितृत्व पत्करले. हरसूलच्या वेशीपलीकडे जे गुजरात सुरू होते, त्याच्या पश्चिम टोकाला नवानगर, म्हणजे आजचे जामनगर आहे. तेथील जामसाहेब दिग्विजयसिंहजी हे ते पुरुष होत.

१८९५ साली जन्मलेले दिग्विजयसिंहजी १९१९ साली सैन्यात अधिकारी झाले. सुमारे १२ वर्षे सेवा करून ते निवृत्त झाले आणि १९३३ साली, काका रणजितसिंहजी यांच्या पश्चात, गादीवर आले.

१९३९ साली जर्मनी व सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. लक्षावधी पोलिश नागरिकांना सैबेरियासारख्या दुर्गम प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. भूक, थंडी व रोगराई यांनी असंख्य मुले पोरकी झाली. १९४१ नंतर सुटकेचा मार्ग खुला झाला, तरी या मुलांना ठाव कोण देणार, हा प्रश्न होता. जामसाहेब पुढे आले. इराणच्या वाटेने आलेली पहिली तुकडी काही काळ मुंबईत वांद्र्याला राहिली आणि १९४२ च्या पावसाळ्यात जामनगरजवळ बालाचडी येथे पोहोचली.

प्रजा ज्यांना बापू म्हणत असे, त्या जामसाहेबांनी मुलांना सांगितले की, आजपासून तुम्ही अनाथ नाहीत, मी तुमचाही बापू आहे. हे शब्द त्यांनी आचरणात आणले. मुलांसाठी शाळा उघडली, त्यांची भाषा व त्यांचा धर्म यांस धक्का लागू दिला नाही. मुलांनी एकदा पालकाच्या भाजीविरुद्ध संप पुकारला. तेव्हा न रागावता ती भाजी पुन्हा करू नये, अशी आज्ञा त्यांनी आचाऱ्यास दिली.

खरी कसोटी युद्धानंतर आली. पोलंडमध्ये सोव्हिएत छायेखालची राजवट आली आणि अनाथ मुले परत पाठवावीत, असा आग्रह सुरू झाला. तेव्हा जामसाहेबांनी छावणीप्रमुख धर्मगुरू व एक इंग्रज अधिकारी यांच्यासमवेत त्या मुलांचे कायदेशीर पालकत्व घेतले. आश्रयदाता निरोप देऊन मोकळा होऊ शकतो, पण पित्याला तसे होता येत नाही. १९४६ मध्ये छावणी बंद झाल्यावर बरीच मुले कोल्हापूरजवळील वळिवडे येथील मोठ्या पोलिश वसाहतीत आली. करवीरच्या भूमीने १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० निर्वासितांना सांभाळले होते.

जामसाहेबांचे निधन १९६६ साली मुंबईत झाले. साम्यवादी राजवट गेल्यानंतर वॉर्सा नगरीने एका चौकास ‘भल्या महाराजां’चे नाव दिले. तेथील एका शाळेनेही त्यांचे नाव धारण केले आहे.

बंधूंनो, निधी जमविणे, इमारत उभारणे ही कार्ये थोर आहेतच. तथापि पोरक्या मुलाच्या पानात काय वाढले आहे, त्याला काय आवडत नाही आणि संकटाच्या दिवशी त्याच्यासाठी सही कोण करणार, हे विचारणारा कोणी तरी लागतो. पुढील ५० वर्षांत या गावातील एकाही बालकास आपण पोरके आहोत असे वाटू नये, एवढा संकल्प आज केला, तर हे स्मरण सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र.