तळपायाचा तीळ

वाशिम, रिसोड, कारंजा भागात सोयाबीनच्या निंदणाला कितीतरी जण अनवाणीच जातात. चिखलात तळपायावरचा काळा डाग दिसणार कुणाला? साधा तीळ एकाच रंगाचा, रेखीव कडेचा असतो, वर्षानुवर्षे बहुधा तसाच राहतो. मेलानोमा हा कर्करोग मात्र वेडावाकडा पसरतो, रंग बदलतो, बहुधा ६ मिलिमीटरहून मोठा होतो, कधी रक्तही येते. आपल्याकडे तो विरळाच. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये अवघ्या ३६व्या वर्षी याच रोगाने गेला, सुरुवात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाली होती. म्हणूनच चुन्याने तीळ जाळणे हा तर घातकच उद्योग! बदलणारा डाग जिल्हा सामान्य रुग्णालयात दाखवा. शंका आली तर तो काढून तपासणीला पाठवतात. सुरुवातीला दुखत नाही, तिथेच उशीर होतो.