अर्धवट राहिलेला अभ्यास



दहावी-बारावीच्या गुणवंतांचा आज आपण गौरव केला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन. परंतु ज्यांना आज पुष्पगुच्छ मिळाला नाही, त्यांच्याविषयी आम्हाला दोन शब्द बोलायचे आहेत. पिंपरी, आकुर्डी, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या या पट्ट्यात घरच्या अडचणीमुळे शाळा सोडून कंत्राटी कामाला लागलेली मुले आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. मुलींची तर लग्ने होऊन जातात. "आता आमचे वय गेले," असे ही मुले म्हणतात. त्यांना बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पाठ असते. त्या पदव्यांमधला खंड मात्र कुणी सांगितलेला नसतो.

१९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरी असा दुहेरी अभ्यास सुरू केला. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ मध्ये सर्व अर्धवट टाकून परतावे लागले. एवढा विद्वान मनुष्य बडोद्यात नोकरीला गेला, तर अस्पृश्य म्हणून त्याला राहायला जागा मिळाली नाही!

आपण असतो तर तिथेच थांबलो असतो. त्यांनी मात्र चार वर्षांच्या आत परत येण्याची लंडन विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली होती. १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, माता रमाईंनी घरची ओढाताण सोसली. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. तर १९२७ मध्ये हाती आली. तेव्हा त्यांचे वय छत्तीस होते!

राष्ट्रांचेही असेच असते. जपानने १८७२ मध्येच प्रत्येक मुलाला शाळेत घालण्याचा हुकूम काढला. आपल्या देशात १९५१ साली शंभरात अठराच माणसे साक्षर होती. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे, असे संविधानाने सांगितले होते. तो धडा देशानेही अर्धवट ठेवला. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. उशीर फार झाला, पण वही पुन्हा उघडली गेली.

बंधूंनो, २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. तिथे आपण दरवर्षी श्रद्धेने जातो. यंदा एक काम आणखी करू या. प्रत्येकाने आपल्या गल्लीतला शाळा सुटलेला एक मुलगा किंवा एक मुलगी शोधावी. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येते. नोकरी करणाऱ्यांसाठी नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. पाळी सुटल्यावर दोन तास बसायला विहाराची खोली आपण देऊ, फीचे पैसे वर्गणीतून काढू. बाबासाहेबांनाही भथेना लागले होते. आपल्या मुलांचे भथेना आपणच व्हायचे आहे.

पुढील वर्षी याच व्यासपीठावर त्यांना पुष्पगुच्छ देण्याची संधी आम्हाला मिळो, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

जयभीम! नमो बुद्धाय!