सेटचे आयुष्य

(रेडिओवरील भाषण)

चित्रपटाचा सेट शूटिंगपुरता उभा केला जातो. त्याला खरी बाजू एकच असते, कॅमेऱ्याकडची. मागे नुसते टेकू असतात. काम संपले की सेट मोडतात आणि त्याचे लाकूड पुढच्या सेटला लावतात. सिनेमाचे उद्यान हा नेमका उलटा उद्योग आहे. महिनाभराच्या कामासाठी बांधलेली वस्तू वर्षानुवर्षे उभी ठेवायची, ती चारही बाजूंनी दाखवायची आणि त्यासाठी तिकीट लावायचे. जगभर अशी उद्याने निघाली. काही बहरली, बरीचशी हळूहळू ओस पडली. ती का ओस पडतात, याचे उत्तर बहुतेक वेळा सेटच्या जन्मातच असते.

तिकीट काढून शूटिंग पाहण्याची प्रथा जुनी आहे. 1915 मध्ये कार्ल लेमले यांनी कॅलिफोर्नियात युनिव्हर्सल सिटी उघडली, तेव्हा पंचवीस सेंट देऊन कोणालाही आत जाता येई. त्या पैशांत जेवणाचा डबाही मिळे. चित्रपट मूक होते, त्यामुळे पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या किंवा आरडाओरडा केला तरी बिघडत नसे. बोलपट आले आणि प्रेक्षकांच्या गोंगाटाची अडचण होऊ लागली, म्हणून हा प्रकार बंद पडला. तो नव्याने सुरू झाला 1964 मध्ये. या वेळी पाहुण्यांना ट्राममध्ये बसवून फिरवले जाऊ लागले.

जपानमध्ये तोएई कंपनीने 1975 मध्ये क्योटोतले सामुराईपटांचे सेट लोकांसाठी खुले केले. ऐतिहासिक चित्रपटांची मागणी तेव्हा घटत होती, सेट रिकामे पडत होते. भारतात हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी 1996 ची. तिथे शूटिंग आणि पर्यटन एकाच आवारात चालते.

सेटची भिंत कशी बनते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आधी लाकडी रिपांचा सांगाडा, त्यावर प्लाय. दगडी भिंत हवी असेल तर गोणपाट आणि प्लास्टर ऑफ पॅरिस, नक्षीदार खांब हवा असेल तर साच्यातून काढलेले फायबर. मग रंगारी येतो. नव्या भिंतीवर तो शेवाळ, ओघळ आणि धूर रंगवतो. तीनशे वर्षांचा किल्ला दोन दिवसांत जुना होतो. अशा किल्ल्याच्या खांबावर बोटाने टकटक केली, तर रिकाम्या डब्यासारखा पोकळ आवाज येतो. पडद्यावर हा आवाज कधी ऐकू येत नाही. उद्यानात मात्र येणारे प्रत्येक मूल पहिल्यांदा हीच टकटक करून पाहते.

पहिला शत्रू पाऊस. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी शोषते आणि भुसभुशीत होते. प्लायचे पदर सुटतात, खिळे गंजतात, उन्हात फायबरचा रंग उडतो. रंगवलेले शेवाळ आणि खरे शेवाळ एकमेकांत मिसळून जाते. दुसरा शत्रू आग. लाकूड, कापड, रंग आणि विजेच्या तारा एकाच ठिकाणी असल्यावर ठिणगी पुरते.

तिसरा शत्रू विस्मृती. जपानच्या शोचिकू कंपनीने 1995 मध्ये आपल्या ओफुना स्टुडिओत ‘कामाकुरा सिनेमा वर्ल्ड’ नावाचे उद्यान सुरू केले. दिग्दर्शक ओझू यांनी याच स्टुडिओत काम केले होते आणि फिरता विक्रेता तोरा-सान याच्या चित्रपटांची लोकप्रिय मालिका इथेच तयार होत असे. 1996 मध्ये तोरा-सानचे काम करणारे कियोशी आत्सुमी वारले आणि मालिका थांबली. 1998 मध्ये उद्यान बंद झाले. 2000 मध्ये स्टुडिओही गेला आणि त्या जागी आता महिला विद्यापीठ आहे. पाळण्यात बसायला चित्रपट पाहिलेला असावा लागत नाही. सेट पाहताना मात्र तो आठवावा लागतो. आठवणारी पिढी ओसरली की राजवाडा नुसता रंगवलेला प्लाय उरतो.

चौथा शत्रू खर्च. गर्दी असो वा नसो, रंगारी, सुतार, माळी आणि पहारेकरी यांचे पगार चुकत नाहीत. गर्दी घटली की पहिली कात्री रंगाला लागते. रंग उडाला की गर्दी आणखी घटते.

महाराष्ट्रात या सगळ्या गोष्टी एका ठिकाणी दिसल्या. दापोलीत जन्मलेले कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी ‘लगान’ आणि ‘देवदास’चे सेट उभारले. 2005 मध्ये त्यांनी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ सुमारे 52 एकरांवर एन. डी. स्टुडिओ बांधला. 2008 च्या ‘जोधा अकबर’साठी तिथे मुघल वैभव उभे राहिले. पुढे तेच सेट पर्यटकांना दाखवण्यासाठी तिथे चित्रपटांचे उद्यान सुरू झाले. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस दर वर्षी चार महिने या भिंतींवर कोसळत असे. मे 2021 मध्ये लागलेल्या आगीत ‘जोधा अकबर’च्या सेटचे नुकसान झाले. टाळेबंदीच्या काळात शूटिंग आणि पर्यटन दोन्ही अडले होते. कर्जाचा बोजा अडीचशे कोटींवर गेला आणि प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे गेले. 2 ऑगस्ट 2023 रोजी देसाई यांचे निधन झाले. पुढे हा स्टुडिओ राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला.

बेंगळुरूच्या परिसरातही या प्रकारचे एक उद्यान आहे. सर्जापूर रोडवरच्या सोसायट्यांत राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीच्या सकाळी निघतात, ती होसूर रोड ओलांडून नाइस रोडने म्हैसूरच्या रस्त्याला लागतात. या रस्त्यावर बिडदी लागते. 2005 मध्ये इथे वंडरला हे पाळण्यांचे आणि पाण्याच्या खेळांचे उद्यान सुरू झाले. काही वर्षांतच जवळ इनोव्हेटिव्ह फिल्म सिटी आली. शूटिंगच्या सेटांबरोबर मेणाचे पुतळे, डायनोसोर, आरशांचा चक्रव्यूह आणि झपाटलेला वाडा असा तिचा थाट होता. ‘बिग बॉस कन्नड’चे घर इथेच होते आणि फेब्रुवारी 2018 मध्ये त्या सेटला पहाटे आग लागली. नंतर मालकी बदलली आणि जागेला जॉलीवूड हे नवे नाव मिळाले. वंडरलाचे नाव मात्र पहिल्यापासून तेच आहे. पाण्यात उड्या मारायला कोणत्याही नटाची ओळख लागत नाही, हे त्याचे एक कारण मानता येते.

रस्ताही बदलला आहे. मार्च 2023 मध्ये बेंगळुरू–म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले. तो बिडदी आणि रामनगर या गावांना वळसा घालून जातो. ताटलीएवढ्या तट्टे इडलीसाठी बिडदीला थांबायचे, तर गाडी आता मुद्दाम खाली उतरवावी लागते. जाता-येता सहज डोकावणारा पाहुणा अशा वळणरस्त्यांमुळे कमी होतो.

बिडदीच्या पुढे, बेंगळुरूपासून सुमारे 50 किलोमीटरवर, रामनगर आहे. ‘शोले’चे शूटिंग ऑक्टोबर 1973 मध्ये इथे सुरू झाले. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी खडकाळ माळावर रामगढ हे अख्खे गाव वसवले. सामान नेण्यासाठी हमरस्त्यापासून सेटपर्यंत रस्ता बांधावा लागला. रामनगरच्या एका भागाला काही काळ दिग्दर्शकाच्या नावावरून सिप्पीनगर म्हणत. चित्रपट 15 ऑगस्ट 1975 रोजी प्रदर्शित झाला. रामगढचा सेट राहिला नाही, त्याचे उद्यानही कोणी केले नाही. तरीही लोक तिथे जात राहिले. गब्बरसिंग ज्या शिळांवर येरझाऱ्या घालतो त्या शिळा पाहायच्या असतात. त्या ग्रॅनाइटच्या आहेत आणि त्यांना रंग द्यावा लागत नाही.

सेट टिकवण्याचा एक मार्ग स्पेनमधल्या ताबेर्नासच्या ओसाड प्रदेशाने दाखवला. सर्जिओ लिओने यांच्या 1965 च्या चित्रपटासाठी तिथे काउबॉयांचे एक गाव उभारले होते. शूटिंगनंतर ते गर्दीची कामे करणाऱ्या स्थानिक लोकांनी विकत घेतले. तिथे ठरलेल्या वेळी बंदुकांची चकमक होते, घोडे दौडतात, मेलेला दरोडेखोर उठून धूळ झटकतो. पाऊस जवळजवळ नसल्याने लाकूड टिकते आणि लिओने यांचे नाव न ऐकलेल्या मुलालाही खेळ कळतो. दोन शत्रू असे परस्पर दूर झाले. शिवाय भिंतीला खिळा ठोकायची वेळ आली, तर तो ठोकणारी माणसे त्याच गावातली होती.

रामनगरचे तसे झाले नाही. तिथल्या रामदेवर बेट्टा या डोंगरावर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. 2012 मध्ये तो परिसर गिधाडांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. रामगढची वस्ती जिथे वसवली होती, तिथल्या कड्यांना आता वनखात्याचे संरक्षण आहे.