नापास होण्याची सोय असलेली परीक्षा

(यकृतरक्षक वनौषधींच्या चाचण्यांवरील परिषद, यवतमाळ : स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं मनापासून स्वागत करतो. धामणगावला रेल्वेतून उतरून पुढे रस्त्याने धक्के खात आलेल्यांचं जरा जास्तच. यवतमाळला पाहुण्यांची सवय आहे. साहित्य संमेलन या गावाने दोनदा भरवलं, 1973 मध्ये गदिमांच्या आणि 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या वेळी उद्घाटकावरून केवढा गदारोळ झाला, ते आपण जाणताच. शेवटी जिल्ह्यातल्याच एका शेतकरी महिलेच्या हस्ते उद्घाटन झालं आणि गावाची शोभा राहिली. आजचे उद्घाटक वेळेवर आलेत, त्यामुळे स्वागताध्यक्ष निर्धास्त आहे.

मी संशोधक नाही. शिक्षणाने फार्मासिस्ट, धंद्याने औषध दुकानदार. यकृताशी माझी ओळख काउंटरच्या अलीकडून झाली. "भाऊ, लिवरचं टॉनिक द्या ना" हे वाक्य ज्या दिवशी कानावर पडलं नाही, असा दिवस आठवत नाही. मागणारे तऱ्हेतऱ्हेचे. कुणाची क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट सुरू असतात. त्यातल्या आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइडने लिव्हर बिघडू शकतं असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून टॉनिक खिशातून. कुणाचा नवरा रोज पितो. तो पिणं सोडत नाही, म्हणून ती बाटली नेते. शेजारी वर्ध्यात दारूबंदी, चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. आमच्याकडे बायका बंदी मागत राहिल्या. आणि कुणी मारेगाव-झरीकडून येतो, पोराचे डोळे दाखवतो आणि म्हणतो, "पोट्ट्याले कावीळ झाली जी, माळ घातली, तरी उतरून नाही राहिली."

ही माळ बाहेरच्या पाहुण्यांसाठी थोडी समजावून सांगतो. पुनर्नव्याच्या मुळांचे ओले तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवतात आणि ती माळ रोग्याच्या डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबते, गळ्यात उतरते, पार छातीवर येते. ती लांबली म्हणजे कावीळ उतरली. खरं म्हणजे तुकडे वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा सुटत जातो. निरोग्याच्या डोक्यावर ठेवा, नाहीतर खुंटीला टांगा, ती लांबणारच. कुठे चुन्याच्या निवळीत हात धुवून पाणी पिवळं करून दाखवतात, कुठे देवडांगरीचा रस नाकात सोडून पिवळा स्राव काढतात. हा शेवटचा प्रकार तर जिवावर बेतणारा.

पण माळवाल्याला हसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याचे बहुतेक रोगी खरोखरच बरे होतात. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ही कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. गरोदर बाईला झालेली ई मात्र भीषण असते, तिला माळेपाशी थांबवणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. आणि कोलाम-गोंड पाड्यांवरच्या ज्या पोराला सिकलसेल आहे, त्याचे डोळे पिवळे दिसतात ते तांबड्या पेशी फुटत असल्यामुळे. तिथे लिव्हरचं कोणतंच औषध कामाचं नाही. ना माझ्या दुकानातलं, ना रानातलं. जो आजार आपोआप बरा होतो, त्यावर प्रत्येक औषध लागू पडतं. म्हणून ज्यांना औषध दिलंच नाही असे रोगी शेजारी ठेवून मोजल्याशिवाय काहीच कळत नाही. या परिषदेच्या निमित्ताने माझं म्हणणं एवढंच आहे : परीक्षा अशी घ्या की जिच्यात औषध नापासही होऊ शकेल.

आपल्या प्रयोगशाळांत होते ती परीक्षा तशी आहे का? माझ्या पुतणीचा एम.फार्म.चा प्रबंध याच विषयावर होता, त्यामुळे पद्धत ऐकून ऐकून पाठ झाली. विस्टार जातीचे पांढरे उंदीर, सहा-सहाचे पाच गट. एक निरोगी, एकाला फक्त विष, एकाला विषासोबत सिलिमरिन, दोघांना विषासोबत आपला अर्क, किलोमागे 200 आणि 400 मिलिग्रॅम. सात दिवस नळीने अर्क पाजायचा, मग तेलात मिसळलेलं कार्बन टेट्राक्लोराइड पोटात टोचायचं. दुसऱ्या दिवशी डोळ्यामागून रक्त घेऊन एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन मोजायचं. शेवटी यकृत फॉर्मालिनमध्ये. विषाच्या गटातलं यकृत फिकट आणि चरबीने भरलेलं, अर्काच्या गटातलं बरंचसं लालसर. तक्ता होतो, तारांकित आकडे येतात आणि वनस्पती 'यकृतरक्षक' ठरते.

या पद्धतीत तीन जागी पाणी मुरतं. पहिलं, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसं घातक नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं मुक्त मूलक करतं आणि ते मूलक पेशी फोडतं. जो अर्क त्या एन्झाइमला नुसता अडवतो, तो यकृताचा रक्षक दिसतो, पण अडवलेलं असतं फक्त विषाचं विष होणं. दुसरं, उंदराला अर्क विषाआधी मिळतो. माझ्या काउंटरवर येणारा माणूस डोळे पिवळे झाल्यावर येतो; त्याला आठवडाभर आधी काढा कोण पाजणार? तिसरं, मात्रा. 400 मिलिग्रॅमचा हिशेब शरीराच्या पृष्ठभागावरून माणसाला लावला तर साठ किलोच्या गड्याला रोज जवळपास 4 ग्रॅम अर्क लागेल. भुकटी नाही, अर्क. तेवढ्यासाठी किती धुरे उपटावे लागतील?

त्यात पॅरासिटामॉलने यकृत बिघडवायचं म्हटलं तर उंदरापेक्षा छोटे पांढरे मूषक जास्त संवेदनशील असतात. तरी आपल्याकडे उंदीर निवडतात, कारण पिंजरे उंदरांचे आहेत! आणि ज्या सिलिमरिनला आपण तुलनेचा मानदंड मानतो, ते हिपॅटायटिस सी च्या रुग्णांवर अमेरिकेत तपासलं गेलं. 2012 मध्ये 'जामा'मध्ये निकाल आला : खोट्या गोळीपेक्षा सरस नाही.

भुईआवळीची कथा तर प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी. 1988 मध्ये चेन्नईचे त्यागराजन आणि हिपॅटायटिस बी चा शोध लावणारे नोबेल विजेते ब्लुमबर्ग यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं : भुईआवळी घेतलेल्या 37 पैकी 22 वाहकांच्या रक्तातून विषाणूचं प्रतिजन नाहीसं झालं, खोट्या औषधाच्या 23 पैकी फक्त एकाच्या. जगभर खळबळ माजली. पुढे थायलंड आणि न्यूझीलंडमध्ये तोच प्रयोग झाला आणि तो गुण दिसला नाही. म्हणून भुईआवळी खोटी ठरली असं मी म्हणणार नाही. वनस्पती वेगळी, माती वेगळी, ऋतू वेगळा. पुनर्नव्याचंच पाहा. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यकृताला उत्तम संरक्षण दिलं ते मे महिन्यात खणलेल्या, एक ते तीन सेंटिमीटर जाडीच्या मुळांनी. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात कुदळ कोण चालवणार, हा प्रश्न संशोधकांनी सोडवावा. पण औषधाच्या बाटलीवर 'पुनर्नवा' एवढंच छापलेलं असतं; महिना नाही, जाडी नाही.

निराश होऊ नये म्हणून मुंबईचं एक काम सांगतो. डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काविळीत वापरल्या जाणाऱ्या आरोग्यवर्धिनीची आंधळी चाचणी घेतली. रोग्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही खरी गोळी कुठली ते ठाऊक नाही. ती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. आरोग्यवर्धिनीत निम्मी कुटकी, उरलेल्यात पाऱ्यासह भस्मं. मग त्यांनी एकटी कुटकी घेतली. 15 रुग्णांना 375 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे. 18 जणांना खोटं औषध. कुटकीच्या गटात बिलिरुबिन 2.5 वर यायला सरासरी 27 दिवस लागले, दुसऱ्या गटात 76. 1996 मध्ये हे छापून आलं. रुग्ण थोडे होते, हे खरं. पण औषध पडलं असतं तर पडलेलं दिसलं असतं, अशी ती रचना होती. रुस्तम वकील यांनी मुंबईतच सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण 1949 मध्ये जगापुढे ठेवला, तोही रुग्णांची नीट नोंद ठेवूनच.

आता एक कडू घोट. करोनाच्या काळात या जिल्ह्यात कडुनिंबावर चढलेली गुळवेल शिल्लक राहिली नव्हती. माझ्या दुकानातही काढ्यांच्या बाटल्यांची रांग होती. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्ण नोंदवले, मग देशातल्या 13 केंद्रांमधून 43 : गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा, आणि चित्र असं की शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असेल असं म्हटलं. वाद चालू राहो, पण त्यातून एक काम उभं राहतंच : वेलीचा नमुना वाळवून, नाव लावून जपून ठेवणं. जिच्या हातून यकृताला अपाय होऊ शकतो, त्याच वनौषधीला आपण रक्षक म्हणून तपासतो आहोत, हे भान तपासणाऱ्यांना हवं. 'रानचं आहे, अपाय नाही' हे वाक्य माझ्या काउंटरवर मी ऐकूनही घेत नाही.

वेलीच्या नमुन्यासारखीच रोग्यांची नोंदही हवी. 2017 च्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यावेळी फवारणीनंतर 'रक्त साफ करायचं' म्हणून काय काय पाजलं गेलं, याची नोंद कुणी ठेवली नाही. ती ठेवणं प्रयोगशाळेबाहेरचं काम आहे, आणि ते आमच्या महाविद्यालयांच्या मुलांना करता येण्याजोगं आहे. केळापूर, झरी, घाटंजीत जाऊन कोण कोणती पानं कशासाठी देतो, कधी खुडतो, किती देतो, रोग्याचं पुढे काय झालं, हे लिहून आणणं. सांगणाऱ्याचं नाव, त्याचा हक्क आणि त्याची परवानगी आधी, प्रबंध मागाहून.

आता तुम्हाला एक विनंती. आपल्या सगळ्यांच्या कपाटात असे प्रबंध पडून आहेत ज्यांत अर्काने काहीही केलं नाही. ते छापायला कोणी घेत नाही, मार्गदर्शकालाही आवडत नाही. तेच घेऊन या. उद्या दुपारच्या सत्रात त्यांच्यासाठी वेगळी वेळ राखून ठेवली आहे. व्यवस्थेत काही उणं पडलं तर कार्यकर्त्यांना सांगा, रागावू नका. पण चाचणीत काही उणं दिसलं तर व्यासपीठावरच्या माणसालाही सोडू नका.