हद्दीपलीकडचे औषध



दिल्लीच्या एम्सच्या ओपीडीत तपासून घेतलेला रुग्ण संध्याकाळी गाझियाबादला किंवा फरिदाबादला घरी जातो. वाटेत राज्य बदलते. पिशवीतल्या बहुतेक औषधांना त्याने काही फरक पडत नाही. भांगेपासून केलेल्या औषधाला मात्र पडू शकतो. वेदनाशमनाचे काम करणारा डॉक्टर म्हणून मला हे सलते.

१९८५ चा एनडीपीएस कायदा गांजा-चरसावर बंदी घालतो, पण त्याच्या कलम ८ मध्येच वैद्यकीय आणि शास्त्रीय वापराचा अपवाद आहे. झाडाचा फुलोरा आणि राळ या कायद्याच्या कक्षेत येतात. नुसती पाने येत नाहीत. म्हणूनच आयुर्वेदातली विजया, म्हणजे भांग, औषधात चालते, वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याच्या अटीवर. पण भांगेचे नियम ज्या त्या राज्याचे. उत्तर प्रदेशात तिची परवानाधारक दुकाने आहेत, तर आपल्या महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तिलाही मादक द्रव्य मानतो. चिठ्ठी खरी, औषध खरे, तरी नाक्यावरच्या हवालदाराला काय दाखवायचे हे रुग्णाला कुणी सांगत नाही.

कायद्यातला अपवाद एकटा पुरत नाही, हे मॉर्फिनने आपल्याला फार महागात शिकवले. तेही रुग्णांसाठी कधी बंद नव्हते. पण वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, प्रत्येकाची मुदत निराळी, आणि नोंदीत चूक झाली तर कोठडीची भीती. रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. डॉक्टरांच्या पिढ्या ते न हाताळता पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि कर्करोगाचे रुग्ण कण्हत गेले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये संसदेने एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती केली. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरते. ही सवलत मिळालेल्या औषधांच्या यादीत मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन आहेत. भांगेपासूनचे एकही औषध नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात भांगेला सर्वांत कडक परिशिष्टातून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला. भारताचे मत बाजूने होते. जगापुढे घेतलेली ही भूमिका आपल्या नियमांत उतरायला हवी.

सावधपणाही तितकाच हवा. लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांत भांगेतल्या कॅनाबिडायॉलचा उपयोग सिद्ध झाला आहे. अमेरिकेने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर या वर्गातली औषधे चालतात. कर्करोग बरा होतो असे सांगून कुणी तेलाची बाटली विकत असेल, तर तो रुग्णाला लुबाडतो आहे, आणि त्याला अडवणे हे आपलेच काम आहे. ते आपण केले नाही, तर उद्या कायदा कडक होईल आणि खऱ्या गरजूचेच औषध आधी बंद पडेल.

दुपारच्या सत्रात मी ठराव मांडणार आहे. प्रमाणित, तपासलेल्या मात्रेची भांगजन्य औषधे २०१४ च्या चौकटीत आणावीत. दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेशाने एकमेकांच्या हद्दीत डॉक्टरची चिठ्ठी ग्राह्य धरावी. रुग्णाच्या नावाची बाटली जप्त करण्याआधी पोलिसांनी लिहून देणाऱ्या डॉक्टरला फोन करावा. मसुद्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर आहेत. वकील मंडळींनी जेवणाच्या सुट्टीत त्यावर लाल पेन चालवावे.